कोपर वाकता कामा नये

मी एक शब्दकोश बोलतोय. खरं म्हणजे शब्दकोशाचा उरलासुरला भाग. पुढचा पुठ्ठा गेला, मग 'ए' गेला, 'बी' गेला, असं करत करत आता 'टी'पासून पुढचा तेवढा शिल्लक आहे. मटणाच्या दुकानात तराजूशेजारच्या फळीवर पडून असतो. पानं संपायच्या आत एक गोष्ट सांगून टाकतो. माझ्याकडून एक माणूस मेलेला आहे.

तुम्हाला वाटेल, पुस्तकाने कसा कुणी मरेल? मला एकेकाळी चार पितळी कोपरे होते आणि त्यांच्यासकट माझं वजन साडेचार किलो भरायचं. हे वजन सरकारी काट्यावर झालेलं आहे, माझ्या मनचं नाही.

नेहमीचे शब्द माझ्यात शोधायला याल तर हात हलवत परत जाल. जुने, विसरलेले, वापरातून उठलेले इंग्रजी शब्द आणि त्यांचे अर्थ, एवढाच माझा संसार. इंग्रजांनी स्वतः ज्यांना घराबाहेर काढलं त्यांना मी पोटाशी धरलं. एकच सांगतो. 'ओव्हरमॉरो' म्हणजे उद्याच्या पुढचा दिवस. आपल्याकडे शेंबडं पोरसुद्धा 'परवा' म्हणून मोकळं होतं. त्यांच्याकडेही शब्द होता, तो त्यांनी टाकून दिला आणि आता 'उद्याच्या नंतरचा दिवस' असं लांबण लावत बसतात. याचं मला फार हसू येतं. हसू यावं अशा गोष्टी माझ्या आयुष्यात थोड्याच आहेत, म्हणून ही जपून ठेवली आहे.

माझा जन्मच मारझोडीत झाला. छापलेल्या मोठ्या कागदांचे फर्मे बांधणीवाल्याकडे आले. त्याने ते दुमडले, दाभणाने भोसकले, दोऱ्याने आवळले. मग शिकंज्यात घालून असा पिळला की माझ्यातली हवासुद्धा निघून गेली. पाठीला गोलाई यावी म्हणून हातोडीने ठोकलं. कातड्याचा सरस उकळून पाठीवर ओतला आणि शेवटी तिन्ही बाजूंनी पातं चालवलं. पण खोटं कशाला बोलू, त्या माणसाच्या हातात राग नव्हता. ठोकून झालं की तो तळहाताने माझी पाठ चाचपून बघायचा. मार आणि मार यांत फरक असतो, हे मला तिथेच कळलं.

मला विकत घेतलं एका हेडमास्तरांनी. ते इंग्रजी शिकवायचे. उंच, स्वच्छ, कपड्याला कधी सुरकुती नाही. रस्त्याने निघाले की लोक बाजूला होऊन नमस्कार करायचे. त्यांनी बांधणीवाल्याला सांगितलं, "कोपऱ्यांना पितळ बसव. जाड बसव."

"साहेब, पुस्तक आधीच जड आहे. पितळ बसवलं आणि कुणाच्या पायावर पडलं तर बोटच जाईल."

"पडणार नाही," हेडमास्तर म्हणाले. "धरणारे नीट धरतील."

मला तेव्हा वाटलं, बघा, माझी कदर करणारा भेटला. मी भरल्या पोटाचा शब्दकोश, पण अक्कल म्हणाल तर तेव्हा शून्य होती.

त्यांचं घर पहिल्या मजल्यावर होतं. खाली बरोबर जेवायच्या खोलीच्या बुडाशी मटणाचं दुकान. घरात तिघं माणसं: हेडमास्तर, त्यांची बायको आणि एक लेक. बायकोला मी आईच म्हणतो, कारण लेकीच्या तोंडून तेच नाव ऐकत आलो; लेक झाल्यापासून हेडमास्तरही तिला 'आई'च म्हणायचे. बारीक चणीची, भराभर चालणारी बाई. इंग्रजीची अक्षरं ओळखायची, पुढे आनंद. लेक तेव्हा दोन वर्षांची होती.

त्या घरात एक शिस्त होती. सकाळी चहा घेताना हेडमास्तर माझ्यातला एक शब्द सांगायचे आणि त्याचा अर्थ एकदाच सांगायचे. संध्याकाळी सात वाजता ताटं वाढली की तो अर्थ विचारायचे. दिवसभर धुणी, भांडी, पाणी, स्वयंपाक करून आईच्या डोक्यात तो शब्द राहायचा कसला! मग शिक्षा. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं आणि मला दोन्ही हातांनी डोक्यावर धरायचं. कोपर वाकता कामा नये. वाकलं की ते उठायचे, मला तिच्या हातातून घ्यायचे, तिचे हात टेबलावर ठेवायला लावायचे आणि माझा कोपरा तिच्या बोटांच्या सांध्यांवर हाणायचे. मग पुन्हा वर. त्यांचं जेवण संपून, हात धुऊन, सुपारी कातरून झाली की म्हणायचे, "ठेव खाली." ते दोन शब्द येईपर्यंत मला खाली ठेवायची प्राज्ञा नव्हती.

पहिल्या दिवशीचा शब्द मला चांगला आठवतो. 'व्हॅप्युलेशन'. अर्थ, फटके देणे. आई चार मिनिटं टिकली.

माझं तोंड त्या घरात फक्त ते एकटे उघडायचे. त्या दोघींसाठी मी कायम बंद, आणि नुसता जड. आई मला रोज पुसायची, पण उघडायची तिची छाती नव्हती. हेडमास्तर मात्र सुपारी चघळत मला उघडायचे आणि त्या दिवसाच्या शब्दाशेजारी, समासात, लाल पेन्सिलीने काहीतरी टिपायचे. अक्षर मोत्यासारखं. जन्मभर मुलांना गुण देऊन हाताला लागलेली सवय ती! तारीख, मिनिटं आणि फटके. 'आई, ४ मि., ६.' पुढच्या महिन्यात 'आई, ७ मि., ५.' वर्षाने 'आई, १५ मि., ३.' माझे समास असे भरत गेले.

लेक सात वर्षांची झाली तशी तिलाही विचारायला लागले. पोरगी तल्लख. एकदा ऐकलं की दगडावरची रेघ. आधी तिने आईला ओठ हलवून अर्थ सांगायचा प्रयत्न केला. हेडमास्तरांनी तिची खुर्ची फिरवली. मग ती मुद्दाम चुकायला लागली, म्हणजे शिक्षा आपल्याला होईल आणि आईला दोन घास मिळतील. हेडमास्तरांच्या ते आठवड्यात लक्षात आलं. त्यांनी नियम केला, लेक चुकली तरी आईनेच उभं राहायचं. त्यानंतर लेक एकही शब्द चुकली नाही. पाठ करताना ती कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसायची. कोपऱ्यात दडून बसणे यालाही माझ्यात शब्द होता, 'लॅटिब्युलेट'. तो त्या पोरीने मला न उघडताच गिरवला होता.

खालच्या मटणवाल्याला वरचं सगळं ऐकू यायचं. गडी आडवातिडवा, मनगटं माझ्या पाठीएवढी. हेडमास्तर त्याला तोंडावर 'रानटी' म्हणायचे. दिवसभर त्याचा सुरा ठोकळ्यावर चालायचा, पण संध्याकाळी सात वाजता तो हात थांबवायचा आणि वर छताकडे बघायचा. त्याला एक खोड होती. मटण बांधायला रद्दीचा कागद घेतला की आधी हात पुसायचा, कागद वाचायचा, आणि मगच त्यात माल बांधायचा. गिऱ्हाईकं वैतागायची. तो म्हणायचा, "छापणाऱ्याने मेहनत केलीय राव. एकदा तरी कुणीतरी वाचायला नको?" आई जिन्यात भेटली की तो एकच विचारायचा, "वहिनी, जेवलात का?" आई मान हलवायची. ती मान होकाराची का नकाराची, हे त्याला कधी कळलं नाही.

एका सकाळी शब्द होता 'मम्प्सिमस'. आपली चूक दाखवून दिली तरी तीच धरून बसणारा माणूस. त्या दिवशी आईने तो अर्थ दिवसभर घोकला. संध्याकाळी बरोब्बर सांगितला.

"चूक," हेडमास्तर म्हणाले.

लेक तेव्हा सोळा वर्षांची होती. ती पटकन बोलून गेली, "अहो बाबा, सकाळी तुम्हीच हाच अर्थ सांगितला होता."

"मी चूक म्हणालो ना? चूक. उभी राहा गं."

आई अडतीस मिनिटं उभी राहिली. मग कोपर वाकलं. त्या दिवशी त्यांनी माझा कोपरा सांध्यांवर नाही मारला, माझी सगळी पाठ तिच्या मनगटावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. ओली फांदी मोडते तसा तो असतो. हेडमास्तर शांतपणे बसले, मला उघडलं आणि टिपलं, 'आई, ३८ मि., मनगट.' टिपून झाल्यावर त्यांची नजर शेजारच्या छापील अर्थावर गेली. आईने सांगितलं होतं तेच तिथे होतं. त्यांच्या लाल अक्षराला लागूनच होतं. त्यांनी ते पान माझ्या पोटातून फाडलं आणि खिडकीतून टाकून दिलं. एवढ्या वर्षांत मला दुखलं ते तेव्हा पहिल्यांदा.

आईला दवाखान्यात मटणवाल्यानेच नेलं. मनगट जोडलं गेलं, पण वाकडं. दुसऱ्या दिवशी जिन्यात त्याने हेडमास्तरांची कॉलर धरली. म्हणाला, "पुन्हा वरून आवाज आला तर मी वर येईन. आणि मी वर आलो तर तुम्ही खाली यायचा नाहीत." हे चार शेजाऱ्यांनी ऐकलं. पुढे तेच त्याच्या गळ्याशी आलं.

लेक मोठी झाली, एका छापखान्यात मुद्रितं तपासायला जाऊ लागली. वीस वर्षांची झाली तेव्हा तिने दुसऱ्या गावी नोकरी धरली, आणि आईला बरोबर न्यायचं ठरवून टाकलं. दोघींनी एक पिशवी भरून पलंगाखाली ठेवली. हेडमास्तरांना ती त्याच दिवशी सापडली. त्यांनी पिशवीबद्दल अवाक्षर काढलं नाही. सात वाजता ताटावर बसले आणि आईला विचारलं, "ग्रोक म्हणजे काय?"

"माहीत नाही," आई म्हणाली.

ती भिंतीला लागली. मला डोक्यावर धरलं. पाच मिनिटं, दहा, वीस. हेडमास्तर सावकाश जेवत होते. मग म्हणाले, "पिशवी कुणी भरली?"

"मी," लेक म्हणाली. "आईला घेऊन मी उद्या जाणार आहे."

त्यांनी डाव्या हाताने तिचे केस धरले आणि तिचं तोंड ताटात आपटलं. एकदा, दोनदा. चिनी मातीचं ताट फुटलं. तिसऱ्यांदा आपटल्यावर नाकाचं रक्त टेबलावरून खाली ठिबकायला लागलं. उजव्या हातात त्यांनी फुटक्या ताटाचा तुकडा घेतला, टोकदार, वीतभर, आणि तो तिच्या मानेला टेकवला. म्हणाले, "आता सांग, कुठे जाणार?"

आईचे हात आधीच वर होते. त्यांत मी होतो. अठरा वर्षं त्या माणसाने रोज संध्याकाळी तिच्याकडून ही मेहनत करून घेतली होती. तिने एक पाऊल पुढे टाकलं आणि मला खाली आणलं. कोपर वाकलं नाही. माझा पितळी कोपरा त्यांच्या कानशिलात शिरला तो पार मुळापर्यंत. ते बसल्या जागी कलंडले. मी त्यांच्या अंगावर पडलो आणि माझ्या पानांच्या कडा भिजून एकमेकींना चिकटल्या. मला वाईट वाटलं का, असं विचाराल तर नाही वाटलं. मला मोकळं वाटलं.

खाली मटणवाला ठोकळा धूत होता. अठरा वर्षांत ऐकला नव्हता असा आवाज त्याने ऐकला आणि तो होता तसा वर धावत आला. अंगावर रक्ताळलेला फडका, कमरेला सुरा. त्याने हेडमास्तरांचं डोकं मांडीवर घेतलं, जीव आहे का पाहिलं. शेजारी दारात जमले ते नेमके त्या क्षणी. त्यांना जे दिसायचं ते दिसलं.

पुढे जे झालं त्याला काय म्हणावं! आई हवालदाराला म्हणाली, "मी मारलं." फौजदाराला म्हणाली, "मी मारलं." फौजदाराने तिच्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. चाळीस किलोची बाई, एक मनगट वाकडं. तो म्हणाला, "बाई, तुम्ही ते पुस्तक उचलून तरी दाखवाल का? त्या खाटकाला वाचवू नका." मग लोकांना काय, आयतं मिळालं. वहिनी म्हणायचा ना तो? जेवलात का विचारायचा ना? जिभेला हाड नसतं. लेकीला विचारलं तर तिने खरं ते सांगितलं, की माझं तोंड टेबलावर दाबलेलं होतं, मी काही पाहिलं नाही. मटणवाल्याला बेड्या पडल्या. तो एवढंच म्हणाला, "मी गेलो तेव्हा ते पडलेले होते." कुणी पाडलं ते त्याने सांगितलं नाही.

आणि मी? मला कापडात गुंडाळून लाखेची मोहोर केली. प्रयोगशाळेत नेलं, एका कोपऱ्याचं पितळ खरवडलं, वजन केलं, लांबी रुंदी मोजली. पुन्हा मोहोर. मुद्देमालाच्या खोलीत एका गंजक्या कोयत्याशेजारी सहा महिने पडलो. तिथला कारकून दिवसभर कागद इकडचे तिकडे करून काम केल्याचं सोंग आणायचा. त्यालाही माझ्यात शब्द होता, 'फजल'. खटला उभा राहिला तेव्हा मला टेबलावर ठेवलं. सरकारी वकिलांनी मला उचललं. बचावाच्या वकिलांनी उचललं. डॉक्टरांनी उचलून सांगितलं की घाव वरून, पूर्ण ताकदीने, अंगमेहनत करणाऱ्या हातांनी घातलेला आहे. सगळ्यांनी मला तोललं. उघडलं एकानेही नाही. पुस्तक दिसलं की उघडावं हे शिकलेल्या माणसांच्या त्या खोलीत कुणालाच सुचलं नाही. मी आतून ओरडत होतो. आपल्या अकलेबाहेरच्या विषयावर बोलणाऱ्यांसाठी माझ्यात भलामोठा शब्द आहे, पण तो ऐकायलाही मला उघडावं लागलं असतं.

तुरुंगातून मटणवाल्याने निरोप पाठवला, दुकानातले माझे गरम कपडे द्या. लेक किल्ली घेऊन गेली. दुकानात मागच्या भिंतीला खिळा होता, त्याला रद्दीचे कागद टोचलेले. बाकीचे वर्तमानपत्राचे, पण सगळ्यांत मागे एक पान वेगळं होतं. पुसून, सरळ करून टोचलेलं. ते मटण बांधायला कधी वापरलं नव्हतं.

मजकूर कुणीही वाचतो. मुद्रितं तपासणाऱ्याची नजर आधी समासावर जाते, कारण दुरुस्त्या तिथे असतात. लेकीने समास पाहिला. बापाचं मोत्यासारखं अक्षर. मनगट मोडलं त्या दिवसाची तारीख. 'आई, ३८ मि., मनगट.' तिने पान खिळ्यावरून काढलं. तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला, की ह्या एका पानावर हे आहे तर त्या बंद पुस्तकात काय असेल!

ती पान घेऊन घरी आली. आईला वाचून दाखवलं. मग म्हणाली, "आई, हे कोर्टात दिलं तर खालचे काका सुटतील. तू एवढी मिनिटं पुस्तक धरायचीस, हे बाबांच्याच अक्षरात आहे. पण मग तू..."

"मग मी काय?"

"मग तू आत जाशील, आई."

आई पोळपाट पुसत होती. तो तिने जागेवर ठेवला. म्हणाली, "सहा महिने मी सांगतेय, मी मारलं. कुणी ऐकतंय का? घरात मला खरं बोलायची सोय नव्हती. बाहेर तरी एकदा कुणी माझं खरं मानू दे. जा, दे ते पान."

हा सगळा वृत्तांत मी पुढे लेकीच्याच तोंडून ऐकला.

न्यायाधीशांनी ते पान हातात घेतलं, मला जवळ ओढलं आणि उघडलं. चिकटलेल्या कडा टरकन सुटल्या. फाटलेल्या पानाची कड माझ्या पोटातल्या कडेशी बरोबर जुळली. मग त्यांनी पुढचं पान उलटलं. मागचं उलटलं. लाल, लाल, लाल. चार मिनिटं, सात, पंधरा, तीस, चाळीस. अठरा वर्षं. ते वाचत राहिले आणि खोलीत फक्त पानांचा आवाज होत राहिला. 'ग्रोक'पाशी ते थांबले. तिथे समास कोरा होता, कारण टिपायला हेडमास्तर उरले नव्हते. त्यांनी अर्थ मोठ्याने वाचला. "दुसरे जेवत असताना, आपल्यालाही बोलावतील या आशेने, मुकाट्याने त्यांच्याकडे बघत उभे राहणे."

आई साक्षीच्या पिंजऱ्यात होती. ती म्हणाली, "याला शब्द आहे होय?"

सरकारी वकील उठले. म्हणाले, "कागदावर काहीही लिहिता येतं. ही बाई हे वजन डोक्यावर पेलूच शकणार नाही."

न्यायाधीशांनी मला तिच्याकडे द्यायला सांगितलं. आईने मला घेतलं. ती आपोआप दोन पावलं मागे गेली, तिची पाठ भिंतीला लागली आणि मी तिच्या डोक्यावर गेलो. घड्याळाचा काटा सरकत होता. पाच मिनिटं झाली. सरकारी वकील बसले. दहा झाली. कुणीतरी मागे खोकलं. पंधराव्या मिनिटाला वकील हलक्या आवाजात म्हणाले, "पुरे, आमचं समाधान झालं." आईने ऐकलं, पण ती हलली नाही. तिचे डोळे समोरच्या टेबलावर होते, हात थरथरत नव्हते, आणि घाम कपाळावरून सरळ डोळ्यांत जात होता. तरी तिने तो पुसला नाही. बावीस मिनिटं झाली. लेक रडत उभी राहिली आणि ओरडली, "साहेब, तिला सांगा! सांगितल्याशिवाय ती ठेवणार नाही!"

न्यायाधीशांनी चष्मा काढला. म्हणाले, "बाई, ठेवा खाली."

तेव्हा तिने मला ठेवलं.

मटणवाला सुटला. आईला शिक्षा झाली, पण खुनाची नाही. लेकीच्या मानेवरचा तो तुकडा आणि माझे समास, दोन्ही न्यायाधीशांनी मोजले आणि पाच वर्षं दिली. निकाल ऐकून आई मटणवाल्याला म्हणाली, "भाऊजी, तुम्हाला उगीच सहा महिने पडले." तो गडी, ज्याने हजारो बकरी कापली, तो भिंतीकडे तोंड करून लहान मुलासारखा हुंदके देत होता.

पाच वर्षांनी मुद्देमालाची विल्हेवाट लावायची वेळ आली तेव्हा लेकीने अर्ज करून मला सोडवून आणलं. तिचा माझ्यावर जीव होता, शब्दांसाठी होता. बापाच्या घरातून तिला मिळालेली तेवढीच एक चीज. उरलेली पितळं तिने पक्कडीने उपटली, पुठ्ठा धुतला आणि मला टेबलावर ठेवलं. मला वाटलं, आता मी सुखात म्हातारा होणार.

आई सुटून घरी आली. दारातून आत आली, पाणी प्यायली, आणि तिची नजर माझ्यावर पडली. लेक चहा टाकायला वळली होती. तेवढ्यात आईने मला उचललं आणि भिंतीशी जाऊन डोक्यावर धरलं. लेक वळली तेव्हा आई विचारत होती, "ठेवू का खाली?"

लेकीच्या हातातलं भांडं पडलं. मी आयुष्यात कधी देवाकडे काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी मागितलं की मला या घरातून काढ. मी कितीही मोलाचा असलो तरी या बाईच्या नजरेसमोर मी असू नये. पोरीलाही तेच वाटलं असावं. तिने मला आईच्या हातातून काढून घेतलं, काखेत मारलं आणि तडक खाली दुकानात आणून तराजूशेजारी आपटलं. म्हणाली, "काका, रद्दी. बांधायला घ्या."

मटणवाल्याने हात पुसले. मला उघडलं. म्हणाला, "पोरी, एवढे शब्द आहेत यात."

"म्हणूनच तुमच्याकडे आणलं. तुम्ही वाचून मग फाडता."

तेव्हापासून मी असा जातोय. रोज पाच-सहा पानं. तो लेकीकडून इंग्रजी अक्षरं शिकला, आता एकेक शब्द अडखळत वाचतो आणि समोरच्या गिऱ्हाइकाला अर्थ सांगतो. फाडताना दुखतं, नाही असं नाही. पण बांधणीवाल्याच्या हातासारखा हा हात आहे, त्यात राग नाही. माझी पानं घरोघर जातात, ओली होतात, कुणी सोडताना वाचतं, कुणी नाही वाचत. 'ग्रोक'चं पान मात्र त्याने फाडून भिंतीला लावलं आहे. त्याच्या खाली एक स्टूल ठेवलं आहे. दुपारी त्याचा डबा उघडला की दारात कुणीही असो, तो आधी म्हणतो, "या, बसा जेवायला."

आई सुरुवातीला दुकानाच्या पायरीपर्यंत यायची आणि मला पाहून परत फिरायची. मग आत येऊन स्टुलावर बसायला लागली. मग जेवायला लागली. मी पातळ होत गेलो तशी ती जवळ येत गेली.

आज गर्दी होती. मटणवाल्याचे दोन्ही हात भरलेले. तो म्हणाला, "वहिनी, एक कागद देता?" ती उठली. तिने मला उचललं, म्हणजे जेवढा उरलोय तेवढा. पुढची काही पानं उलटली आणि एका पानावर थांबली. 'व्ही'चं पान. समासात पहिल्या दिवसाची तारीख होती आणि लाल पेन्सिलीने लिहिलं होतं, 'आई, ४ मि., ६.' तिने ते बोटाने वाचलं. बोटाच्या सांध्यांवरचे वण माझ्या कागदाला लागले. तिने पान धरलं आणि वरपासून खालपर्यंत एका दमात फाडलं. कुणाच्या तरी कुत्र्यासाठी पावशेर हाडं होती, ती त्यात बांधली, पुडी गिऱ्हाइकाच्या हातात दिली.

मग तिने मला खाली ठेवलं. कुणालाही न विचारता.